डोळ्यात बसविलेले पहिले भिंग

मोतीबिंदू काढल्यावर त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात, हे आज सर्वांना ठाऊक आहे. १९५० पूर्वी मात्र गढूळ भिंग काढले, की रुग्णाला जन्मभर जाड काचांचा चष्मा लावावा लागे.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे शिरत. ते आत राहूनही डोळा फारसा दुखावत नाही, हे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आले. त्याच प्लॅस्टिकचे भिंग करवून घेऊन त्यांनी ४५ वर्षांच्या एका स्त्रीवर नोव्हेंबर १९४९ मध्ये उपचार सुरू केले. फेब्रुवारी १९५० मध्ये भिंग कायमचे बसले. पण तो डोळा १८ डायॉप्टरहून अधिक ऱ्हस्वदृष्टीचा झाला!

असे का व्हावे? भिंगाचा आकार नैसर्गिक भिंगासारखा होता. पदार्थ मात्र वेगळा. नैसर्गिक भिंगाचा अपवर्तनांक सरासरी १.४२, तर पर्स्पेक्सचा १.४९. हा फरक किरकोळ वाटतो. परंतु भिंगाची शक्ती भिंग आणि भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असते. डोळ्यातील द्रवाचा अपवर्तनांक सुमारे १.३४ आहे. म्हणजे ०.०८ च्या जागी ०.१५ आले आणि सुमारे २० डायॉप्टरची शक्ती जवळजवळ दुप्पट झाली. (साधे बहिर्वक्र भिंग पाण्यात बुडवून वर्गात माध्यमाचा हा परिणाम सहज दाखविता येईल.)

वक्रता कमी करून हा दोष सुधारता आला. इतर अडचणी मात्र चिवट निघाल्या. पर्स्पेक्स पाण्यापेक्षा जड असल्याने काही भिंगे आत घसरली. काही रुग्णांना दाह झाला, काहींना काचबिंदू. म्हणून १९५० च्या दशकात काही शल्यविशारदांनी भिंग बाहुलीच्या पुढे बसविले. तेथे ते पारपटलाला इजा करू लागले आणि अनेक भिंगे काढून टाकावी लागली. भिंगाची सदोष कड परितारिकेवर घासली, की दाह, वाढलेला दाब आणि रक्तस्राव ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसत. या विकाराचे वर्णन एलिंग्सन यांनी १९७८ मध्ये केले.

आज शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची लांबी मोजून भिंगाची शक्ती ठरवितात आणि पातळ, गुळगुळीत कडांचे भिंग शक्यतो मूळ भिंगाच्या पिशवीतच ठेवतात. त्यामुळे भिंग घसरणे किंवा घासणे विरळा झाले आहे, नाहीसे मात्र झालेले नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी जरी डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा मधूनमधून अंधूक दिसू लागले, तरी तो वयाचा परिणाम समजून घरी बसू नये, नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.