डोलकाठीची उभारणी आणि दोरकाम (लहान शिडाची होडी)

लहान शिडाच्या होडीवर डोलकाठी उभी करणे, ती तारांनी ताणून धरणे आणि शीड चढविण्याचे दोर तिच्यावर ओवणे या कामांना मिळून दोरकाम म्हणतात. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा हे स्थिर दोरकाम होय, तर शीड वर ओढणारा ‘हॅलयार्ड’ आणि शिडाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलणारी ‘शीट’ ही चल दोरकामाची अंगे होत.

कोकणातील मचव्याची रीत निराळी आहे. त्याची जाडजूड डोलकाठी नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, कललेली असते आणि शीड बांधलेली परबाण (लांब तिरकी काठी) तिला टांगलेली असते. आधाराचे दोरही कायम एका जागी नसतात, शिडाची बाजू बदलली की ते सोडून वाऱ्याकडच्या अंगाला नेऊन पुन्हा ताणावे लागतात. शर्यतीच्या होड्यांत मात्र तारा कायमच्या जोडलेल्या असतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतील नौकानयन मुंबईच्या समुद्रात झाले, तेथे फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ गटात सुवर्णपदक मिळविले. त्याच स्पर्धेत ‘एंटरप्राइज’ हाही गट होता. जॅक होल्ट यांनी १९५६ च्या सुमारास आखलेली ही ४.०४ मीटर लांबीची दोन जणांची होडी दोरकाम समजून घेण्यास सोयीची आहे.

तिच्या डोलकाठीला तीनच तारा असतात : नाळेकडे जाणारा ‘फोरस्टे’ आणि दोन्ही बाजूंचे ‘श्राउड’. श्राउडांची खालची टोके डोलकाठीच्या किंचित मागे जोडलेली असल्याने तीन तारांचा तिकोनी पाया तयार होतो आणि मागच्या तारेची गरजच उरत नाही. या तारा बहुधा १ × १९ जातीच्या, म्हणजे एकोणीस ताठ पोलादी धाग्यांच्या असतात. कप्पीवरून वळणाऱ्या हॅलयार्डसाठी मात्र १३३ बारीक धाग्यांची लवचीक ७ × १९ तार लागते.

उभारणीपूर्वी डोलकाठी आडवी ठेवून तारांची वरची टोके जोडतात व हॅलयार्ड ओवून घेतात, कारण नंतर वर हात पोहोचत नाही. मग दोन्ही श्राउड होडीला जोडले की काठी बाजूला पडण्याचा धोका कमी होतो. एकाने बुंधा खाचेत दाबून धरायचा, दुसऱ्याने काठी वर ढकलायची आणि तिसऱ्याने फोरस्टे ओढून नाळेला अडकवायचा. प्रत्येक खिळीच्या टोकाला दुपाखी पिन घालून तिचे पाय फाकवावेत व वर चिकटपट्टी गुंडाळावी; ही पिन निसटली तर अख्खी डोलकाठी कोसळू शकते, म्हणून ही तपासणी घाईत उरकू नये. शिडाच्या खाचेतून वर नजर लावली की काठीचा बाक लगेच कळतो. मागचा कल मोजण्यासाठी हॅलयार्डला मोजपट्टी बांधून ती वर चढवितात आणि होडीच्या मागच्या फळीपर्यंतचे अंतर घेतात. पुढचे लहान शीड चढवून त्याचा हॅलयार्ड ताणला की फोरस्टे ढिला पडतो, तो दोष नव्हे. चालत्या होडीत वाऱ्याआडचा श्राउड थोडा सैल होणेही स्वाभाविक आहे.

विक्रोळीच्या पूर्वेला तिवरांच्या पट्ट्यापलीकडे असलेल्या ठाणे खाडीत या कामाला आणखी एक बंधन येते. येथून मुंबई बंदराकडे जाणाऱ्या होडीला वाशीच्या पुलांखालून जावे लागते. भरतीला पुलाखालची मोकळी उंची घटते आणि ओहोटीला चिखलावर पाणी उथळ होते, त्यामुळे बुंध्याशी बिजागरी असलेली, आडवी करता येणारी डोलकाठी अशा जागी उपयोगी ठरते. खाडी ओलांडणाऱ्या उच्चदाब वीजवाहिन्या याहून घातक आहेत, कारण ॲल्युमिनियमची काठी विजेची उत्तम वाहक असते. खारट दमट हवेत तर गंज न चढणारे म्हणून ओळखले जाणारे पोलादही तारेच्या टोकावरील दाबलेल्या नळीच्या आत, जेथे पाणी साठते आणि हवा पोहोचत नाही, तेथे आतून कुजते. नळीच्या तोंडाशी तपकिरी डाग किंवा एकही तुटलेला धागा दिसला, तर ती तार दुरुस्त न करता बदलावी.