वर्तनाधारित प्रश्न : इंग्लंड-वेल्समधील पीसीएसओ भरती

उमेदवाराच्या पूर्वायुष्यातील एखादा खरा प्रसंग विचारून, त्या वेळी तो कसा वागला याचा दाखला मागणाऱ्या प्रश्नाला वर्तनाधारित प्रश्न म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘पोलिस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर’ (पीसीएसओ) या पदाच्या भरतीत अशा प्रश्नांना मोठे वजन असते. कोणाशी तरी अपमानास्पद वागले जात असताना तुम्ही हस्तक्षेप केलात असा प्रसंग सांगा. वेगळ्या मताच्या माणसांबरोबर काम तडीस नेल्याचे उदाहरण द्या. चिडलेल्या माणसाला तुम्ही कसे हाताळलेत ते लिहा, असे त्यांचे स्वरूप असते. ‘अशी वेळ आली तर तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न याहून वेगळा. त्याला परिस्थितीजन्य प्रश्न म्हणतात आणि त्याचे उत्तर कल्पनेने देता येते. वर्तनाधारित प्रश्नाला घडलेली गोष्टच लागते.

या पदाचे स्वरूप पाहिले की या प्रश्नांचे कारण कळते. पोलिस सुधारणा अधिनियम, २००२ या कायद्याने पीसीएसओ हे पद निर्माण झाले. त्या वेळी डेव्हिड ब्लंकेट गृहमंत्री होते. पीसीएसओ गणवेशात असतो, ठरलेल्या वस्तीत बहुधा पायी फिरतो, किरकोळ गुन्ह्यांसाठी दंडाची नोटीस देऊ शकतो, अल्पवयीनांकडची दारू वा तंबाखू काढून घेऊ शकतो. त्याला नेमके कोणते अधिकार द्यायचे हे दलाचा प्रमुख ठरवतो. मात्र कॉन्स्टेबलला असलेला अटकेचा अधिकार त्याच्याकडे नसतो. त्याचे बरेचसे काम बोलण्याने होते: शेजाऱ्यांचे भांडण, चौकात जमणाऱ्या मुलांविषयीच्या तक्रारी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची भीती, दुकानदारांची रोजची कटकट. धाकाचे साधन हाती नसलेला माणूस ऐकून घेण्याच्या आणि समजावण्याच्या बळावरच टिकतो. म्हणून शारीरिक ताकद किंवा कायद्याचे पाठांतर यांपेक्षा उमेदवार माणसांशी आजवर कसा वागला आहे, याची चौकशी भरतीत आधी होते. २०१० च्या सुमारास पीसीएसओंची संख्या १६ हजारांच्या पुढे गेली होती. पुढे खर्चकपातीत ती जवळपास निम्म्यावर आली. स्कॉटलंडच्या पोलिस दलात हे पद नाही.

या पद्धतीचे मूळ पोलिसांत नसून मानसशास्त्रात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये निर्णायक प्रसंगांच्या अभ्यासाची पद्धत मांडली. एखादे काम चांगले किंवा वाईट झाले अशा नेमक्या घटना गोळा करायच्या आणि त्यांवरून त्या कामाला काय लागते ते ठरवायचे, असा तिचा गाभा होता. १९७३ मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धिमापनापेक्षा प्रत्यक्ष कामातील क्षमता तपासाव्यात असा आग्रह धरला. १९८२ मध्ये टॉम जँझ यांनी पूर्ववर्तनावर बेतलेल्या मुलाखतीवरचे संशोधन प्रसिद्ध केले. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर मोकळ्या गप्पांवर बेतलेल्या मुलाखतीपेक्षा पुढील कामाचा अंदाज अधिक चांगला येतो, हा निष्कर्ष नंतरच्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा निघाला आहे. ब्रिटिश पोलिस दलांना या पद्धतीची गरज वाटण्यामागे आणखी एक कारण होते. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली. तिच्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन यांच्या अहवालाने १९९९ मध्ये महानगर पोलिसांवर संस्थात्मक वंशभेदाचा ठपका ठेवला. त्यानंतर वेगळ्या वंशाच्या, धर्माच्या, राहणीच्या माणसांविषयीचा आदर ही भरतीत तपासायची बाब ठरली. तो आदर तोंडी परीक्षेतल्या सुविचारांनी सिद्ध होत नाही. त्यासाठी आधीच्या वागण्याचा पुरावा मागावा लागतो.

प्रश्न कशावर विचारायचे हे क्षमता आणि मूल्यांच्या राष्ट्रीय चौकटीवरून ठरते. ही चौकट कॉलेज ऑफ पोलिसिंग या संस्थेने २०१६ मध्ये आणली. तिच्यात सहा क्षमता आहेत: भावनिक जाण, जबाबदारी घेणे, इतरांबरोबर काम करणे, आधार व प्रेरणा देणे, चिकित्सक विचार आणि नव्या कल्पनांबाबत मोकळेपणा. सुरुवातीला त्यांच्या जोडीला निःपक्षपातीपणा, सचोटी, लोकसेवा आणि पारदर्शकता अशी चार मूल्ये होती. पुढे पोलिसांसाठीच्या नव्या नीतितत्त्वांशी जुळवून घेताना धैर्य, आदर व सहानुभूती आणि लोकसेवा अशी तीन मूल्ये ठेवण्यात आली. प्रत्येक क्षमतेच्या तीन पातळ्या असतात आणि पीसीएसओकडून पहिल्या पातळीची अपेक्षा असते. उमेदवाराच्या दृष्टीने यातला कामाचा भाग असा की ही चौकट गुप्त नाही. अर्ज लिहिण्याआधी तिच्यातील पहिल्या पातळीची वर्णने शांतपणे वाचावीत, कारण परीक्षक उत्तरात तीच वागणूक शोधत असतो.

उत्तराच्या मांडणीसाठी ‘स्टार’ ही चौकट सर्रास वापरली जाते. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या चार टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. चारही टप्पे हवेत, पण ते सारख्या लांबीचे नसावेत. परिस्थिती आणि जबाबदारी मिळून दोन-तीन वाक्यांत उरकावीत, परिणाम एक-दोन वाक्यांत यावा आणि उरलेली सारी जागा कृतीला द्यावी. अनेक दलांच्या अर्जांत शब्दमर्यादा असते आणि नवखा उमेदवार पार्श्वभूमी सांगण्यातच तिच्यातला निम्मा भाग घालवतो. परीक्षकाला दुकान कोणत्या गल्लीत होते याच्याशी कर्तव्य नसते. उमेदवाराने कोणाला काय विचारले, काय ऐकले, त्यावरून काय ठरवले आणि का, हे त्याला हवे असते.

उदाहरणासाठी ग्रंथालयातील एक सहायक घेता येईल. संध्याकाळी ग्रंथालयाच्या दारात पंधरा-सोळा वर्षांची मुले जमतात, मोठ्याने बोलतात आणि त्यामुळे वयस्कर वाचक यायला कचरतात. या प्रसंगावर कमकुवत उत्तर असे लिहिले जाते: ‘आमच्याकडे मुलांचा त्रास होता. आम्ही सर्वांनी मिळून तो सोडवला. मला माणसांशी बोलायला आवडते आणि मी नेहमीच समजूतदारपणे वागते.’ यात खोटे काही नसेलही, पण गुण द्यायला हाताशी काहीच लागत नाही. कोणी काय केले ते कळत नाही आणि शेवटचे वाक्य तर स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र आहे.

तोच प्रसंग नीट लिहिला तर त्यात पुढील गोष्टी येतात. दोन वृद्ध वाचकांनी तक्रार केली तेव्हा सहायकाने त्यांना बसवून घेतले आणि नेमकी भीती कशाची वाटते ते विचारले. मुले त्यांना काही बोलत नव्हती. दारातून वाट काढावी लागते, याचेच त्यांना दडपण येत होते. मग ती सहायक बाहेर गेली. सगळ्या घोळक्यासमोर दटावण्याऐवजी ओळखीच्या एका मुलाशी ती बाजूला जाऊन बोलली, कारण चारचौघांत मुले हट्टाला पेटतील असे तिला वाटले. त्यातून कळले की त्यांची संध्याकाळची बसण्याची जागा बंद झाली होती आणि पाऊस आला की हाच एक आडोसा उरत होता. तिने प्रमुख ग्रंथपालांना आठवड्यातून दोन संध्याकाळी रिकामी खोली देण्याचे सुचवले. त्यांची शंका नासधुसीची होती, तेव्हा खोलीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली आणि मुलांबरोबर बसून साधे नियम ठरवले. पुढे तक्रारी थांबल्या, वाचक पुन्हा येऊ लागले. एका मुलाने नियम मोडला तेव्हा तिने त्याला दोन आठवडे खोलीत येऊ दिले नाही आणि त्यामागचे कारणही समजावून सांगितले.

या उत्तरात थोर असे काहीच घडलेले नाही. तरीही भावनिक जाण, जबाबदारी, इतरांशी सहकार्य आणि समस्येचे मूळ शोधण्याची वृत्ती या चारही गोष्टींना त्यात पुरावा मिळतो, आणि हा पुरावा पीसीएसओच्या रोजच्या कामाला अगदी जवळचा आहे. शेवटचा तपशील विशेष महत्त्वाचा आहे. सगळे सुरळीत झाले असे सांगणाऱ्या उत्तरापेक्षा, अडचण पुन्हा उभी राहिली आणि तिलाही तोंड दिले असे सांगणारे उत्तर अधिक विश्वासार्ह वाटते.

प्रसंगाची निवड हा उत्तराचा अर्धा पाया होय. पोलिसी अनुभव असलाच पाहिजे, हा मोठा गैरसमज आहे. दुकानातील गल्ल्यावरची नोकरी, रुग्णशुश्रूषा, क्रीडा मंडळ, शाळेतील मदतनिसाचे काम, घरातील आजारी माणसाची वर्षानुवर्षांची काळजी, यांतले काहीही चालते. प्रसंग शक्यतो अलीकडचा असावा, एका ठिकाणी आणि मर्यादित काळात घडलेला असावा आणि त्यात काहीतरी अवघड असावे. परदेशातील अनुभवही ग्राह्य धरता येतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी उमेदवाराने पुण्यातल्या सोसायटीतील पाण्याच्या वादात केलेली मध्यस्थी सांगायला हरकत नाही. मात्र सोसायटी म्हणजे काय आणि टँकर कशासाठी लागतो, हे परीक्षकाला एका वाक्यात समजले पाहिजे. अशा उमेदवारांची खरी अडचण वेगळी असते. स्वतःच्या कामाविषयी बोलणे हा आगाऊपणा, असे संस्कार झालेला माणूस सगळे श्रेय ‘आम्ही’ला देतो. या अर्जात ‘मी’ लिहिणे ही प्रौढी ठरत नाही. इतरांनी काय केले ते एका वाक्यात प्रांजळपणे सांगून पुढे स्वतःचा वाटा लिहिला, की नम्रताही राहते आणि पुरावाही मिळतो.

आदराविषयीच्या प्रश्नावर उमेदवार सर्वाधिक अडखळतात. ‘मी सर्वांना समान मानतो’ हे मत झाले, वर्तन नव्हे. सहकाऱ्याने एखाद्याच्या उच्चारांची नक्कल केली तेव्हा उमेदवार गप्प राहिला का, बोलला असेल तर कोणत्या शब्दांत, सर्वांसमोर की एकट्याला गाठून, आणि ज्याची चेष्टा झाली त्याच्याशी नंतर तो बोलला का, हे विचारले जात असते. हा शेवटचा भाग बहुतेक उत्तरांतून गळतो. चेष्टा करणाऱ्याला सुनावण्याच्या भरात, जिला लागले ती व्यक्तीच उत्तरातून नाहीशी होते. पीसीएसओकडून मात्र तिची विचारपूस आधी अपेक्षित असते. एकट्याने धाडसी पाठलाग केल्याच्या कथाही या पदाला फारशा उपयोगी पडत नाहीत. कधी थांबायचे आणि कोणाला बोलवायचे याची समज हा इथे गुण मानला जातो.

उत्तरांचे मूल्यमापन निरीक्षण, नोंद, वर्गीकरण आणि मूल्यांकन या क्रमाने करण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिले जाते. आधी उत्तरात प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते टिपायचे, ते कोणत्या क्षमतेत बसते ते पाहायचे आणि मगच गुण द्यायचे. म्हणून न लिहिलेली गोष्ट, ती कितीही उघड असली, तरी मोजली जात नाही. हीच पद्धत मुलाखतीतही चालते. तेथे उपप्रश्नही येतात: त्या क्षणी मनात काय होते, दुसरा मार्ग होता का, आज तीच वेळ आली तर काय बदलाल? रचलेला किंवा दुसऱ्याचा प्रसंग या प्रश्नांपुढे टिकत नाही, कारण त्यातले तपशील उमेदवाराच्या आठवणीत नसतात. भरतीत पार्श्वभूमीची तपासणी असतेच आणि अर्जातील अप्रामाणिकपणा उघड झाला तर उमेदवारी तिथेच संपू शकते. प्रसंग खरा असावा, पण त्यातील इतरांची नावे व ओळख पटेल असा मजकूर देऊ नये; गोपनीयता सांभाळणे हाही या नोकरीचा भाग आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ज्याला लिहिण्याचा सराव आहे किंवा ज्याने शिकवणी लावली आहे, त्याचे उत्तर साध्या पण कर्तबगार माणसाच्या उत्तरापेक्षा उजवे दिसू शकते. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांना याची झळ अधिक बसते, आणि ज्या दलांना अनेक भाषा बोलणारी माणसे हवी आहेत त्यांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे. वाचन-लेखनात अडचण येणाऱ्या डिस्लेक्सियासारख्या स्थितीत समता अधिनियम, २०१० नुसार वाजवी सवलत, उदाहरणार्थ जादा वेळ, मागता येते. ती मागितल्याने गुण कमी होत नाहीत.

पीसीएसओ करतो तशा, लोकसहभागाच्या पोलिसी कामाचा अनुभव महाराष्ट्रातही जुना आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या दंगलींनंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. माजी पोलिस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलिस आयुक्त सतीश साहनी यांचा तिच्यात पुढाकार होता. राज्याच्या पोलिस शिपाई भरतीत मात्र अशा कामाची कुवत तपासणारा प्रश्न नसतो. तेथे मैदानी चाचणी आणि अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता व मराठी व्याकरण यांवरची वस्तुनिष्ठ लेखी परीक्षा असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून असलेल्या नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंग दिले जातात, पण त्यांत पुढे काय कराल हे प्रामुख्याने विचारलेले असते. त्यामुळे इथल्या परीक्षांची सवय असलेला उमेदवार ब्रिटिश अर्जातही ‘मी असे करीन’ असे लिहून जातो आणि पूर्वी केलेल्या कृतीसाठी राखलेले गुण गमावतो.