रॉकर आर्म ॲल्युमिनियमचे घ्यावेत की स्टीलचे? टिकाऊपणाचा हिशोब समजून घ्या

ट्रॅक्टरचं टॅपेट सेट करताना फिटर हेडवरचं झाकण काढतो. आत एका ओळीत वर-खाली डुलणारे छोटे हात दिसतात, तेच रॉकर आर्म. खालून कॅम शाफ्ट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. पाण्याच्या जुन्या मोटेसारखं नाही, तर सरळ मुलांच्या सी-सॉ सारखं काम.

आपल्याकडे हा भाग वर्षानुवर्षे कुणी बदलत नाही. अमेरिकेत मात्र जुन्या व्ही-८ इंजिनच्या गाड्यांची ताकद वाढवणारे लोक कंपनीचे रॉकर काढून बाजारातले ॲल्युमिनियमचे रोलर रॉकर हमखास बसवतात. मोबाईलवर त्या गाड्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरंही विचारतात, "हे रॉकर किती टिकतात?" म्हणून ही माहिती.

बदलायची गरज का पडते?

शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ साली आलं. त्यातले रॉकर स्टीलचा पत्रा दाबून केलेले होते. स्वस्त, हलके आणि साध्या वापराला एकदम ठीक. पण इंजिनात जास्त उचल देणारा कॅम आणि कडक स्प्रिंग टाकली की गणित बिघडतं. रॉकर ज्या गोळ्यावर डुलतो तिथं घर्षण वाढून जागा तापते आणि पत्रा लवायला लागतो.

रोलर रॉकरमध्ये मधल्या टेकूला निडल बेअरिंग असतं आणि व्हॉल्व्हवर टेकणाऱ्या टोकाला छोटं चाक असतं. त्यामुळे घर्षण कमी होतं. शिवाय १.५ ऐवजी १.६ प्रमाणाचा रॉकर घेता येतो. म्हणजे कॅमने ८ मिलिमीटर उचललं तर व्हॉल्व्ह १२ ऐवजी १२.८ मिलिमीटर उघडतो.

ॲल्युमिनियमच का?

पहिलं कारण वजन. ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. दुसरं कारण, ते मशीनवर पटकन कापलं जातं, त्यामुळे थोडा माल बनवणाऱ्या कारखान्यालाही परवडतं.

पण ताठपणाही स्टीलच्या एक तृतीयांशच असतो. तेवढाच ताण सोसायला ॲल्युमिनियमचा रॉकर जाडजूड करावा लागतो. म्हणून बऱ्याच गाड्यांमध्ये तो वरच्या झाकणाला घासतो आणि उंच झाकण बसवावं लागतं. वजनाचा फायदाही वाटतो तेवढा नसतो. टेकूजवळच्या वजनाला फार किंमत नाही, व्हॉल्व्हकडच्या टोकाचं वजन महत्त्वाचं. टोकाला निमुळता केलेला स्टीलचा रॉकर तिथं बरोबरी करू शकतो.

रॉकरवर भार किती येतो?

समजा व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचा जोर १५० किलो आहे आणि रॉकरचं प्रमाण १.५ आहे. मग पुशरॉडच्या बाजूला २२५ किलो भार येतो आणि मधल्या टेकूवर दोन्हीची बेरीज, म्हणजे ३७५ किलो. हा भार प्रत्येक वेळी येतो आणि जातो. रेसच्या इंजिनात स्प्रिंगचा जोर २५० किलोच्या वरही असतो, तेव्हा टेकूवर ६०० किलोच्या पुढे जातो.

खरा मुद्दा: धातूचा थकवा

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. जर्मनच्या डब्याची कडी अशीच एक दिवस हातात येते. याला धातूचा थकवा म्हणतात.

इथं स्टील आणि ॲल्युमिनियममध्ये मोठा फरक आहे. स्टीलवरचा ताण एका मर्यादेच्या आत ठेवला, तर थकव्याने ते सहसा तुटत नाही. ही मर्यादा ढोबळमानाने त्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या निम्मी असते. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. ताण कमी असेल तर आयुष्य खूप वाढतं, पण फेऱ्यांची मोजणी चालूच राहते.

म्हणजे ॲल्युमिनियम वाईट असं नाही. विमानंही मोठ्या प्रमाणात त्याचीच बनतात. पण तिथं उड्डाणांची नोंद ठेवतात आणि ठरलेल्या वेळी तपासणी होते.

रेसची गाडी आणि रोजची गाडी

चार स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे व्हॉल्व्ह एकदा उघडतो. सरळ रस्त्यावरची ड्रॅग रेस १२ सेकंदांची धरा आणि इंजिन ६,००० आरपीएमवर धरा. एका शर्यतीत रॉकर ६०० वेळा काम करतो. अशा १०० शर्यतींचे झाले ६०,००० ठोके.

आता रोजची गाडी बघा. २,५०० आरपीएमवर एका तासात ७५,००० ठोके होतात. म्हणजे रस्त्यावरचा एक तास १०० शर्यतींपेक्षा जास्त भरतो. सरासरी ताशी ५० किलोमीटर धरून १ लाख किलोमीटर गाडी चालली, तर २,००० तास होतात आणि ठोके १५ कोटी.

रेसवाला कडक स्प्रिंग वापरतो, पण त्याचे ठोके कमी असतात आणि तो इंजिन वारंवार खोलून बघतो. रोजची गाडी वापरणारा झाकण वर्षानुवर्षे उघडत नाही. रेसची कडक स्प्रिंग आणि ॲल्युमिनियमचे रॉकर रोजच्या गाडीत टाकले, तर दोन्हीकडचा तोटा एकत्र होतो. "रेसला चालतं, मग रस्त्यावर कायमचंच चालेल" हा समज इथंच चुकतो.

याची दुसरी बाजूही आहे. १९९६ च्या कॉर्व्हेट गाडीत शेव्हरोलेने एलटी४ इंजिनला १.६ प्रमाणाचे ॲल्युमिनियमचे रोलर रॉकर कारखान्यातूनच दिले होते. स्प्रिंग बेताची आणि माल चांगला असेल तर रस्त्यावरही हे रॉकर चालतात. उलट, १९९७ पासूनच्या एलएस इंजिनांत रॉकर स्टीलचे आहेत, पण त्यांच्या टेकूतल्या निडल सुटण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. म्हणून धातूबरोबर बेअरिंगही बघावं लागतं.

तुटला तर काय होतं?

रॉकर तुटला की पुशरॉड मोकळा पडतो आणि व्हॉल्व्ह बंदच राहतो. इनटेकचा असेल तर तो सिलेंडर काम सोडतो. एक्झॉस्टचा असेल तर जळालेला वायू बाहेर न जाता इनटेककडे उलटतो आणि कार्बोरेटरमधून फटाके वाजतात. त्याहून धोका म्हणजे सुईसारख्या निडल आणि धातूचे तुकडे ऑइलबरोबर खाली जाणं. मग एका रॉकरपायी सगळं इंजिन खोलावं लागतं.

तपासणी कशी करावी?

• टॅपेटचं अंतर वारंवार बदलत असेल तर नुसतं सेट करून सोडू नका. कारण शोधा.
• रॉकर काढून स्वच्छ धुवा. टेकूच्या छिद्राभोवती आणि पुशरॉडच्या वाटीजवळ बारीक चीर बघा. तडे बहुतेक तिथंच सुरू होतात.
• चुंबकाची तपासणी ॲल्युमिनियमवर चालत नाही. रंग लावून, पुसून चीर उठवणारी डाय पेनिट्रंट तपासणी करावी लागते.
• टेकू हाताने हलवून बघा. खडखड किंवा अडकणं असेल तर तो रॉकर बाद.
• व्हॉल्व्हच्या टोकावरची घासल्याची खूण मधोमध आणि अरुंद हवी. कडेला गेली असेल तर पुशरॉडची लांबी चुकली आहे.
• चालवलेल्या तासांची वहीत नोंद ठेवा. जुने वापरलेले रॉकर घेऊ नका, त्यांचे किती ठोके झालेत ते दिसत नाही.

मग घ्यावं काय?

रोज आणि लांब चालणाऱ्या गाडीला स्टीलचे रोलर रॉकर बरे. शर्यतीच्या किंवा हौसेने कधीतरी काढायच्या गाडीला चांगल्या प्रतीचे ॲल्युमिनियमचे चालतात, पण वेळेवर तपासायची तयारी हवी. अगदी स्वस्तातले ओतीव रॉकर कडक स्प्रिंगखाली वापरू नयेत.

ट्रॅक्टरबद्दल विचाराल, तर १,८०० आरपीएमवर तासाला ५४,००० ठोके पडतात. आठ तास नांगरट केली की एका दिवसात ४ लाख ३२ हजार. इतकं काम दिवसेंदिवस करणाऱ्या इंजिनात कंपनीने दिलेला रॉकरच ठेवा, टॅपेट वेळेवर तपासा आणि ऑइल वेळेवर बदला.