हॉलसँड्स : गोटे उपसले आणि गाव गेलं

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाचा इतिहास सांगणार आहोत. गावाचं नाव हॉलसँड्स. डेव्हन परगण्यातलं हे कोळ्यांचं गाव. घरं ३७, माणसं दीडशेच्या आसपास. मागे उंच कडा, पुढे समुद्र आणि मधल्या खडकाच्या चिंचोळ्या पट्टीवर दाटीवाटीने उभी घरं.

घरांपुढे वाळूचा आणि गोट्यांचा जाड थर होता. भरतीची लाट तिथेच अडायची, तिचा जोर तिथेच मोडायचा. खेकडे पकडायच्या होड्याही तिथेच ओढून ठेवायच्या. ओढताना बायकाही दोराला हात लावायच्या. गावाचं रक्षण करणारी खरी भिंत तीच. पण ती कुणी बांधलेली नव्हती, म्हणून तिची किंमतही कुणी केली नाही.

पुढे प्लिमथ शहराजवळ आरमाराची गोदी वाढवायचं काम निघालं. काँक्रीटसाठी वाळू आणि गोटे हवे होते. सरकारने ठेकेदाराला हॉलसँड्सच्या किनाऱ्यासमोर उपसा करायची परवानगी दिली. गावाला आधी विचारलंच नाही. एप्रिल १८९७ मध्ये काम सुरू झालं. दिवसाला १६०० टनांपर्यंत माल निघू लागला.

गावकऱ्यांनी तक्रार केली, चौकशीही झाली. जाणकारांचं म्हणणं असं, की नेलेला माल समुद्र पुन्हा आणून टाकेल. पण ते गोटे हजारो वर्षांपूर्वी साठलेले होते. नवे येत नव्हते. पेवातलं धान्य काढत राहायचं आणि नवं पीक येणारच नाही, तशी गत झाली.

किनारा खचत गेला. १९०० साली समुद्राकडच्या भिंतीचा काही भाग वाहून गेला. शेवटी जानेवारी १९०२ मध्ये परवाना रद्द झाला. तोवर सुमारे साडेसहा लाख टन माल गेला होता. किनारा ७ ते १२ फूट खाली बसला होता. नव्या भिंती बांधल्या, पण पुढचा आधार तर गेलेलाच होता.

२६ जानेवारी १९१७ च्या रात्री पूर्वेकडचं वादळ आणि मोठी भरती एकदमच आली. दुसऱ्या रात्रीपर्यंत राहण्याजोगं एकच घर उरलं. जीव कुणाचा गेला नाही, पण ७९ माणसं बेघर झाली.

ते उरलेलं घर एलिझाबेथ प्रेटीजॉन यांचं. १९६४ मध्ये मरण येईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. याच गावची एला ट्राउट ही तरुणी मासेमारी करून घर चालवायची. १९१७ मध्येच युद्धात बुडालेल्या जहाजाचा एक खलाशी तिने होडी वल्हवत जाऊन वाचवला. सरकारने तिचा सन्मान केला. पुढे तिने आणि तिच्या बहिणींनी गावाजवळच्या कड्यावर हॉटेल बांधून चालवलं.

आज हॉलसँड्समध्ये पडक्या भिंती आहेत. परवाना देणारे दूर होते, गोदी दूर बांधली गेली, नुकसान मात्र तिथे राहणाऱ्यांचं झालं. मैत्रिणींनो, आपल्या ग्रामसभेत वाळू किंवा मुरूम उपशाचा विषय निघाला, तर एवढं नक्की विचारू या : नेलेलं परत भरून येणार आहे का, आणि नाही आलं तर घर कुणाचं जाणार?