घरपट्टीची पावती

आमच्या कळंबच्या घरात एक लोखंडी पेटी होती. तिच्या तळाशी अब्बांनी घरपट्टीच्या पावत्या वर्षवार लावून, सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. खाऱ्या हवेनं कागद पिवळे पडलेले, काहींवरची शाई उडालेली. "घर कुणाचं असं कुणी विचारलं तर हे दाखवायचं," अब्बा सांगत. पुढं कौलं बदलायला कर्ज हवं होतं, तेव्हा तो गठ्ठा घेऊन मी एका बँकेत गेलो. साहेबांनी पावत्या चाळल्या आणि अदबीनं परत केल्या. म्हणाले, "काका, तुम्ही कर भरलात एवढं ह्यावरून कळतं. घर तुमचं आहे, हे नाही कळत."

मी चिडलो होतो. नंतर कायदा वाचला, तेव्हा ते बरोबर बोलले होते असं दिसलं. मग अब्बांसारख्या व्यवहारी माणसाला उलटं का वाटावं?

श्रोतेहो, ही समजूत एका पिढीची नाही. 1534 साली वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी इथली गावं आपल्या सरदारांना दिली ती वार्षिक 'फोरो' भरण्याच्या अटीवर, बहुधा तीन हयातींपुरती. फोरो भरला की गाव हाती राहायचं, थकला की जायची भीती. मुंबईतल्या फोरास रोड ह्या जुन्या नावात तोच शब्द आहे असं मानतात. पैसे भरणं आणि जमीन राखणं ह्यांची गाठ आपल्या किनाऱ्यावर अशी जुनी आहे.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पेशवाईत घरपट्टी होती, पण सरसकट नव्हती. ब्राह्मण आणि गावकामगार वगळून बाकीच्यांकडून ती घेतली जाई, असं एल्फिन्स्टननं 1819 च्या अहवालात नोंदवलं आहे. पुढं इंग्रजी अमदानीत 1864 साली वसईला नगरपालिका आली. त्या काळी नगरपालिकेला मत कुणी द्यायचं, हेही तो कर किती भरतो ह्यावर ठरे. पावतीला मान आला तो असा. भाडेकरू, मजूर आणि बायका ह्यांच्या वाट्याला तो फारसा आला नाही.

गावच्या घरपट्टीला आज आधार आहे तो 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 चा. आकारणीची नोंद असते त्या कागदाला आपण 'नमुना आठ' म्हणतो. हा उतारा मालकीचा पुरावा नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. गावठाणातल्या घराला सातबाराही नसतो. मग माणसानं दाखवायचं काय? त्याच्याजवळ पावतीच उरते. 2020 मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्यासाठी. उशिरा आली, पण मूळ दुखण्याला हात घालणारी हीच. गावठाणाबाहेर घर बांधलेल्याला मात्र तिचा उपयोग नाही.

पावती म्हणजे हक्क नव्हे, ह्याची किंमत आपल्या तालुक्यानं पाहिली आहे. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. 2025 च्या सुरुवातीला ते काम संपलं. शेकडो कुटुंबं उघड्यावर आली. घर अनधिकृत असलं तरी त्यावर कर बसतो, आणि कर भरला म्हणून ते अधिकृत होत नाही. हा नियम मला अजून पचलेला नाही. पैसे घेताना जे घर दिसतं, ते पुढं दिसेनासं कसं होतं?

तरी कर भरणाऱ्याच्या हातात काहीच नाही असं नव्हे. आकारणीची यादी प्रसिद्ध करावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, पटलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. 2015 च्या डिसेंबरात गावची घरपट्टी भांडवली मूल्यावर ठरवण्याचे नियम आले. तेव्हा यादी वाचायला किती जण गेले? मी गेलो नाही. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा मात्र गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. कर वाढेल ही भीती त्या रागात होतीच. शासनानं 2011 मध्ये 29 गावं वगळण्याचं ठरवलं, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि 2024 मध्ये ती गावं महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय झाला.

एक चूक मात्र आमच्या घरातली. अब्बा गेल्यावर नमुना आठवर आम्हा भावांची नावं लागली, अम्मीचं राहिलं. अर्ज आम्हीच भरला होता. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावावं, असा शासनाचा आदेश 2003 सालचा. तो अब्बांच्या हयातीतही आम्ही वाचला नव्हता. आमच्या शरियतप्रमाणे मुलं असलेल्या विधवेचा आठवा हिस्सा असतो, तोही विसरलो. चार वर्षांनी अर्ज केला. अम्मीनं सही उर्दूत केली. पुढच्या पावतीवर तिचं नाव आलं. ती पावती तिनं गठ्ठ्यात बांधू दिली नाही, आपल्याजवळ वेगळी ठेवली.