तांब्याचे नॅनोकण : संसर्गित जखमांवरील उपयोग

तांबे किंवा त्याची ऑक्साइडे, सल्फाइडे यांचे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराचे कण जेलमध्ये वा पट्टीत मिसळून चिघळलेल्या जखमेतील जंतू मारण्याची पद्धत. ती अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. परदेशात वापरात आलेल्या तांब्याच्या पट्ट्यांत सहसा याहून मोठे, मायक्रोमीटरच्या मापाचे कण असतात.

जळिताच्या जखमेत किंवा मधुमेहींच्या पायाच्या व्रणात स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनस एरुजिनोसा असे जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. प्रतिजैविके त्यात नीट शिरत नाहीत. तांब्याचा कण जखमेच्या ओलाव्यात विरघळू लागला की आयने सुटतात. ती दोन अवस्थांत आलटून पालटून जाताना हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि जंतूचे पटल, प्रथिने व डीएनए यांच्यावर एकदमच मारा होतो. त्यामुळे जंतूला सरावणे कठीण जाते. अशक्य मात्र नाही, कारण तांबे बाहेर फेकणारे पंप अनेक जंतूंकडे आधीपासूनच असतात.

चांदीला शरीरात काही काम नाही, तांब्याला आहे. कोलॅजेनचे धागे एकमेकांत गुंफणाऱ्या लायसिल ऑक्सिडेझ या विकराला तांबे लागते, आणि नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासही ते मदत करते. म्हणजे जंतू मारणारा धातूच जखम भरून आणू शकतो. अडचणही नेमकी इथेच आहे. मात्रा थोडी वाढली की तीच मूलके नव्या त्वचेच्या पेशी मारतात. म्हणून खरा प्रश्न तांबे किती घालावे हा नसून ते किती सावकाश सुटावे, हा आहे. हाँगकाँगमध्ये 1999 साली तयार झालेल्या एचकेयूएसटी-1 या तांबेयुक्त सच्छिद्र पदार्थात फॉलिक आम्ल मिसळून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी हा वेग कमी केला. मधुमेही उंदरांच्या जखमा त्याने लवकर भरल्या. कॉपर सल्फाइडचे कण वेगळ्या वाटेने जातात : अवरक्त प्रकाशात ते तापतात आणि जंतूंना भाजून काढतात.

नवी मुंबईत या विषयाचे महत्त्व कळते ते ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये. जळिताच्या रुग्णांसाठीच्या या रुग्णालयात त्वचापेढीही आहे. पट्टी ओलावा राखणारी आणि परवडणारी हवी, ही मुंबईतील जळितोपचाराची जुनी कसोटी. परळच्या वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी 1985 मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी मांडली, ती याच गरजेतून. कोणत्याही नॅनोपट्टीला किमतीत या सालीशी स्पर्धा करता येणार नाही!

खाडीपलीकडे पवईच्या आयआयटीत सुपर्णा मुखर्जी व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये चांदीचे सुमारे 3 आणि तांब्याचे सुमारे 9 नॅनोमीटरचे कण निरनिराळ्या जंतूंवर तपासले. बॅसिलस सब्टिलिसवर तांबे अधिक प्रभावी ठरले. एकच धातू सर्व जंतूंना सारखा लागू पडत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांचे जेल विकसित केले. तांबे त्या मानाने मागे राहिले. त्याचे एक साधे कारण म्हणजे तांब्याचे कण हवेत लगेच ऑक्सिडीकृत होतात आणि साठवणीत त्यांचा गुण बदलतो.

खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा यांनी रेझव्हेरट्रॉल हे वनस्पतिजन्य संयुग व तांबे यांच्या अल्प मात्रेवर काम केले आहे. ते कर्करोगाशी निगडित आहे, जखमांशी नाही. पण तांब्यापासून मूलके निर्माण करण्याचे रसायन तेच.

नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने 2019 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत कणांचा आकार, स्थिरता व विषारीपणा यांची तपासणी अपेक्षित आहे.

मोरचूद (कॉपर सल्फेट) घरी जखमेवर लावणे हा या उपचाराचा पर्याय नव्हे. फॉस्फरसने भाजलेल्या जखमा मोरचुदाच्या द्रावणाने धुण्याची पद्धत एकेकाळी होती. तांबे रक्तात शोषले जाऊन तांबड्या पेशी फुटू लागल्याने ती सोडून द्यावी लागली.