तुटलेल्या गिअरला पर्याय का मिळतो?



संशोधनाला सुरुवात केलीत की लवकरच एक गोष्ट लक्षात येईल. लाखो रुपयांचं उपकरण नखाएवढ्या प्लास्टिकच्या गिअरपायी बंद पडू शकतं. सिरिंज पंप असो, नमुना फिरवणारी छोटी मोटर असो, नाहीतर तुम्ही स्वतः जुळवलेला एखादा सेटअप असो, एक दाता तुटला की सगळं ठप्प. मग आपण तो गिअर खिशात टाकतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत "अगदी असाच द्या" म्हणून शोधत फिरतो.

आता जरा थांबून विचार करा. एका कारखान्यात बनलेल्या गिअरच्या जागी दुसऱ्याच कुणी बनवलेला गिअर चालेल, असं आपण धरून का चालतो? ही अपेक्षा फार जुनी नाही. ती कुठून आली हे कळलं, तर गिअर शोधणंही सोपं जातं. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी फक्त संख्या होती

१९०१ च्या सुमारास ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ, बुडालेल्या जहाजातून काशाचं एक गंजलेलं यंत्र वर आलं. ते साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यातले ३० गिअर आज उरले आहेत, तेही अर्धेमुर्धे. त्यांचे दाते साधे त्रिकोणी आहेत. तरीही हरवलेल्या दात्यांची संख्या अभ्यासकांना बऱ्याच अंशी काढता आली. कशी? उरलेल्या तुकड्यावरचे दाते मोजून आणि ते चाक कोणतं खगोलीय चक्र दाखवत असावं याचा हिशेब करून. उदाहरणार्थ, ग्रहणांचं चक्र २२३ चांद्रमासांचं असतं आणि यंत्रातल्या एका चाकाला २२३ दाते बसतात.

यातून पहिला धडा मिळतो. गिअर पूर्ण हरवला तरी गुणोत्तर माहीत असेल तर दात्यांची संख्या परत मिळवता येते. पण संख्या म्हणजे सगळं नव्हे. दात्याचा आकार कसा असावा, हा प्रश्न पुढची कित्येक शतकं कारागिराच्या हातातच राहिला. पवनचक्कीचं लाकडी चाक असो की घड्याळातलं पितळी, कारागीर कानस चालवून समोरच्या चाकाशी जुळेपर्यंत दाते घासायचा. म्हणजे गिअर जोडीने जन्माला यायचे. एक गेला की दुसऱ्यासाठी पुन्हा कारागीर गाठायचा.

गणित आलं, पण जोडी सुटली नाही

१७ व्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये फिलिप द ला हिर याने दात्यांसाठी एपिसायक्लॉइड ही वक्ररेषा अभ्यासली. एका वर्तुळावरून दुसरं वर्तुळ घरंगळवलं की त्याच्या कडेवरचा बिंदू जी रेषा काढतो, ती ही. १८ व्या शतकात लेओनार्ड ऑयलरने इन्व्होल्यूटचा विचार मांडला. रिळाला गुंडाळलेला दोरा ताणून धरत उलगडा. दोऱ्याचं टोक हवेत जी रेषा काढेल ती इन्व्होल्यूट. दोन्हींचा हेतू एकच, एक चाक सारख्या वेगाने फिरत असेल तर दुसरंही सारख्याच वेगाने फिरावं, मध्येच अडखळू नये.

पण प्रत्यक्षात मोठी अडचण होती. एपिसायक्लॉइड काढताना घरंगळवायचं वर्तुळ समोरच्या चाकाच्या मापावरून ठरवायची पद्धत रूढ होती. त्यामुळे गणित शुद्ध असूनही गिअर त्याच एका जोडीदाराशी जमायचा.

इथे केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस येतात. १८३८ मध्ये त्यांनी दाखवलं, की एका पिचच्या सगळ्या चाकांसाठी घरंगळणारं वर्तुळ एकच ठेवा, मग त्या संचातलं कोणतंही चाक दुसऱ्या कोणत्याही चाकाशी चालेल. ऐकायला किती साधं वाटतं बघा! नवी वक्ररेषा नाही, नवं यंत्र नाही. फक्त प्रत्येक जोडीपुरतं बदलत राहणारं एक माप सगळ्यांसाठी स्थिर केलं. गिअर जोडीतून सुटला आणि एका घराण्याचा सदस्य झाला.

कागदावरून कारखान्यात

तत्त्व मान्य झालं तरी दाते अचूक कापणार कोण? अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथल्या ब्राउन अँड शार्प कंपनीचे जोसेफ ब्राउन यांनी १८६४ मध्ये एका मिलिंग कटरचं पेटंट घेतलं. हा कटर बोथट झाल्यावर पुन्हा धार लावली तरी त्याचा आकार बदलत नसे. त्यामुळे पहिला गिअर आणि शंभरावा गिअर सारखाच निघू लागला. इन्व्होल्यूट दात्यांसाठी एका पिचला आठ कटरांचा संच पुरतो, १२ दात्यांपासून सरळ पट्टीपर्यंत. प्रत्येक कटर काही दात्यांचा पल्ला सांभाळतो, म्हणजे थोडी तडजोड आलीच. पुढे १८९७ मध्ये जर्मनीत हर्मान फाउटर यांनी हॉबिंग मशीनचं पेटंट घेतलं. त्यात एका पिचचा एकच हॉब कितीही दात्यांचा गिअर कापू शकतो.

या शर्यतीत सर्वसाधारण यंत्रांमध्ये इन्व्होल्यूट जिंकली. कारण व्यवहारी आहे. दोन शाफ्टमधलं अंतर किंचित कमीजास्त झालं तरी इन्व्होल्यूट गिअरचं गुणोत्तर बिघडत नाही. आपण ड्रिलने पाडलेली भोकं किती अचूक असतात ते आपल्यालाच माहीत!

पण घराणी एकाहून जास्त निघाली

इंचवाल्यांनी 'डायमेट्रल पिच' घेतलं, म्हणजे पिच वर्तुळाच्या व्यासाच्या दर इंचामागे किती दाते. मिलिमीटरवाल्यांनी 'मॉड्यूल' घेतलं, म्हणजे पिच व्यास भागिले दात्यांची संख्या. भर म्हणून दाबकोनही दोन, जुना साडेचौदा अंशांचा आणि आज जास्त वापरला जाणारा २० अंशांचा.

बाजारात आपण फसतो ते इथेच. ०.५ मॉड्यूलच्या ४० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास २१ मिलिमीटर असतो. ४८ पिचच्या ३८ दात्यांच्या गिअरचा व्यास येतो २१.१७ मिलिमीटर. हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतील. पण ४८ पिच म्हणजे ०.५२९ मॉड्यूल. असे दोन गिअर एकमेकांत बसवले तर कदाचित फिरतीलही, पण आवाज करतील, झिजतील आणि तुमच्या मोजमापात दर दात्यागणिक एक हेलकावा घुसवतील. तो हेलकावा म्हणजे नमुन्याचाच गुणधर्म, असं समजून बसलात तर काय होईल, विचार करा.

म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं करा.

१. दाते मोजा. एक तुटला असेल तर त्याची जागाही मोजा.

२. व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या आणि त्याला दाते अधिक २ ने भागा. साध्या प्रमाणित गिअरसाठी हेच मॉड्यूल. उत्तर ०.५ किंवा ०.८ असं सरळ न येता ०.५२९ च्या आसपास आलं, तर इंचाची शंका घ्या.

३. गिअर हरवलाच असेल तर शाफ्टमधलं अंतर मोजा. अंतराची दुप्पट भागिले मॉड्यूल म्हणजे दोन्ही गिअरच्या दात्यांची बेरीज. अंतर १५ मिलिमीटर, मॉड्यूल ०.५, तर बेरीज ६०. उरलेल्या गिअरला २० दाते असतील तर हरवलेल्याला ४०.

४. दाबकोन, जाडी आणि शाफ्टच्या भोकाचं माप विसरू नका.

एवढे आकडे हातात असले की गिअर विकत घ्या, वर्कशॉपमध्ये कापून घ्या किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापा. प्रिंटरला तर दुसरं काही लागतच नाही. मात्र ०.५ मॉड्यूलचा दाता एका मिलिमीटरहून थोडाच जास्त उंच असतो आणि साध्या प्रिंटरचं नोझल ०.४ मिलिमीटरचं. इतके बारीक दाते तिथे नीट उमटत नाहीत. जागा असेल तर दोन्ही गिअर १ मॉड्यूलचे करून घेणं शहाणपणाचं.

शेवटी एकच विनंती. हे आकडे वहीत लिहा आणि सेटअप तुम्ही बनवलेला असेल तर थीसिसमध्येही द्या. "योग्य गिअर वापरला" हे वाक्य जुन्या कारागिरासारखं आहे, त्याचं काम त्याच्याबरोबरच संपतं. "मॉड्यूल ०.५, दाते ४०, दाबकोन २० अंश" एवढं लिहिलंत, तर पाच वर्षांनी कुठल्याही गावातला विद्यार्थी तुमचा प्रयोग पुन्हा उभा करू शकेल.